विदर्भाचे एक प्रकरण आणि त्याचे पुनर्लेखन: संदर्भ पुस्तिकेतील राजकीय कल कसा हाताळला गेला

पार्श्वभूमी

पश्चिम नागपुरातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाची स्वतःची अभ्यासिका आहे. राज्यसेवा, तलाठी, पोलीस भरती अशा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली तिथे पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत बसलेली असतात आणि त्यांच्यात गोंदिया, गडचिरोली, यवतमाळकडून येऊन आसपास खोली घेऊन राहणाऱ्यांची संख्या मोठी असते. या मुलांसाठी वाचनालय दरवर्षी एक संदर्भ पुस्तिका छापते. तिच्या प्रती थोड्या असल्या तरी झेरॉक्स होऊन ती इतर अभ्यासिकांमध्येही पोहोचते आणि पुस्तिकेतली वाक्ये मुलांच्या वह्यांत जशीच्या तशी उतरतात. म्हणूनच तिच्यातल्या मजकुराची जबाबदारी एखाद्या वृत्तपत्रीय लेखापेक्षा जास्त आहे, असे मी मानतो. लेख वाचणाऱ्याला आपण कोणाचे तरी मत वाचत आहोत याची जाणीव असते, तर पुस्तिका पाठ करणाऱ्याला ती नसते.

पुस्तिकेत ‘विदर्भ: इतिहास आणि प्रादेशिक प्रश्न’ असे एक प्रकरण होते. ते एका निवृत्त प्राध्यापकांनी लिहिलेले होते. सगळे त्यांना ‘सर’ म्हणत, इथेही तेच संबोधन वापरतो. सरांचा विषयाचा अभ्यास दांडगा आहे आणि वेगळ्या विदर्भाच्या चळवळीतला त्यांचा सहभाग त्यांनी कधी लपवलेला नाही. या प्रकरणावरून वाद उभा राहिला, तेव्हा वाचनालयाच्या कार्यकारिणीने एक छोटी संपादन समिती नेमली. तिच्यात मी बाहेरून बोलावलेला सदस्य होतो. व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

अडचण

सुरुवात एका पत्राने झाली. मूळचे नाशिक जिल्ह्यातले, पण नोकरीच्या निमित्ताने नागपुरात येऊन इथेच स्थायिक झालेले एक निवृत्त अभियंते वाचनालयाचे जुने सभासद आहेत. त्यांनी अध्यक्षांना लिहिले की या प्रकरणात चुकीचे विधान एकही नाही, मात्र ते वाचून उठणाऱ्या मुलाला या प्रश्नाला दुसरी बाजू आहे हे कळणारच नाही. सरांचे उत्तर तितकेच सरळ होते: माझे एक तरी वाक्य खोटे दाखवा, मी ते खोडतो.

दोघांचेही म्हणणे खरे होते आणि समितीचे काम त्यामुळेच अवघड झाले. खोटे वाक्य सापडले की ते काढता येते. इथे कल होता तो तथ्यांच्या निवडीत, त्यांच्या क्रमात आणि कोणत्या तथ्याशेजारी कोणते तथ्य ठेवले नाही, यात.

पहिलेच उदाहरण घ्यावे. प्रकरणाची सुरुवात १९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने केलेल्या वेगळ्या विदर्भाच्या ठरावाने होत होती आणि तिथून थेट राज्य पुनर्रचना आयोगावर येत होती. न्यायमूर्ती फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या या आयोगाने १९५५ मध्ये आठ मराठी भाषक जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली आणि ती डावलून १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मराठी-गुजराती अशा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, ही वस्तुस्थिती आहे. परंतु या दोन टप्प्यांच्या मधल्या दोन घटना प्रकरणात नव्हत्या. १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची मागणी झाली, त्या संमेलनाचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर हे नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक होते. मराठी भाषकांचे एकच राज्य करण्याबाबत २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारावरही विदर्भातील नेत्यांच्या सह्या होत्या. या दोन गोष्टी गाळल्या की संयुक्त महाराष्ट्र ही मुंबई-पुण्याने नागपुरावर लादलेली कल्पना होती असे चित्र आपोआप उभे राहते, आणि तसे कुठे लिहावेही लागत नाही.

दुसरे उदाहरण आकड्यांचे होते आणि समितीचा सर्वाधिक वेळ त्यानेच घेतला. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलावर अहवाल दिला. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत एखादा जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे हे मोजून, ती तूट भरून काढायला किती पैसे लागतील याचा हिशेब म्हणजे ‘अनुशेष’. समितीने काढलेला एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा होता. सरांच्या प्रकरणात त्यावर एकच वाक्य होते: ‘दांडेकर समितीने विदर्भाचा सुमारे ३९ टक्के अनुशेष मान्य केला.’

वाक्य बरोबर होते. पण त्याच अहवालात मराठवाड्याचा वाटा सुमारे २४ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा सुमारे ३७ टक्के आहे. हे दोन आकडे शेजारी आले की, अनुशेष म्हणजे फक्त विदर्भाचा, हा मुलांच्या मनातला समज तिथेच ढासळतो. अभियंत्यांनी नेमका हाच मुद्दा उचलला होता आणि ‘उर्वरित महाराष्ट्राचाही जवळजवळ तेवढाच’ असे वाक्य घालावे असा त्यांचा आग्रह होता. तेही वाक्य बरोबरच होते आणि तितकेच एकांगी होते. त्या काळी राज्याच्या लोकसंख्येत विदर्भाचा वाटा चौथ्या हिश्शाहूनही कमी होता, तर उर्वरित महाराष्ट्राचा निम्म्याहून बराच जास्त. चौथ्या हिश्शाहून कमी लोकांच्या वाट्याला ३९ टक्के तूट येणे आणि निम्म्याहून जास्त लोकांच्या वाट्याला ३७ टक्के तूट येणे, या सारख्या गोष्टी नाहीत. एका बाजूने दोन प्रदेश गाळले होते, दुसऱ्या बाजूने लोकसंख्या. एका ओळीचा आकडा खरा असूनही वाचणाऱ्याची दिशाभूल कशी होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मी इतरत्र पाहिलेले नाही.

तोवर हिवाळी अधिवेशन जवळ आले होते. त्या दिवसांत नागपुरात मोर्चे येतात, सीताबर्डीपासून सिव्हिल लाइन्सपर्यंत फलक लागतात आणि विदर्भाचा विषय चहाच्या टपरीवरही निघतो. एका पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्याने अध्यक्षांना फोन करून प्रकरण ‘आहे तसेच’ राहावे असे सुचवले, तर दुसऱ्या एका गृहस्थांनी ते पूर्णपणे काढावे असे सांगितले. पुस्तिकेची छपाई थांबली.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय प्रकरण वगळण्याचा होता. कार्यकारिणीतल्या काहींना तो सुरक्षित वाटला. पण नागपुरात छापलेल्या पुस्तिकेत विदर्भाच्या प्रश्नावर एक ओळही नसणे ही स्वतःच एक राजकीय भूमिका ठरली असती आणि मुलांनी तो विषय मग फॉरवर्ड होऊन येणाऱ्या मजकुरातून वाचला असता. या पर्यायावर फार वेळ गेला नाही.

दुसरा पर्याय म्हणजे प्रकरणाखाली ‘मते लेखकाची’ अशी तळटीप घालणे. वर्तमानपत्रात ही पद्धत रूढ आहे. अडचण अशी की प्रकरणात मते जवळजवळ नव्हतीच, होती ती तथ्ये. तथ्यांची निवड लेखकाची आहे हे एका ओळीच्या तळटिपेतून कोणालाही कळत नाही.

तिसरा पर्याय मांडला गेला तेव्हा बहुतेकांनी मान डोलावली: बाजूने एक लेख आणि विरोधात एक लेख, दोन्हींना समान पाने. दिसायला हे न्याय्य दिसते. मी त्याला विरोध केला आणि आजही त्या विरोधावर ठाम आहे. आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती का, या प्रश्नाला दोन बाजू नाहीत, केली होती. उलट, विदर्भ वेगळा व्हावा का, या प्रश्नाला दोनहून जास्त बाजू आहेत. वेगळे राज्य हवे असणारे आहेत, अखंड महाराष्ट्र मानणारे आहेत, राज्य नको पण अधिकार असलेले विकास मंडळ हवे असे म्हणणारे आहेत, आणि राजधानी नागपूरला झाली तर सत्ता मुंबईऐवजी नागपुरात एकवटेल, आमच्या पदरात काय पडणार, असे विचारणारे वऱ्हाडातले लोकही आहेत. दोन वकील उभे करून समान वेळ दिला की यातले निम्मे लोक न्यायालयाबाहेरच राहतात. शिवाय आयोगाच्या अहवालासारख्या नोंदीवरही ‘एका बाजूचे म्हणणे’ असा शिक्का बसतो.

चौथा पर्याय समितीतल्या सर्वांत तरुण सदस्याने मांडला. ती अभ्यासिकेतच शिकून पुढे ग्रंथपाल झालेली मुलगी होती. प्रकरण नव्याने लिहिण्याआधी त्यातले प्रत्येक विधान वेगळे काढावे, त्याचा मूळ आधार शोधावा आणि मगच काय ठेवायचे ते ठरवावे, असे तिने सुचवले. काम वाढणार होते, पुस्तिका अधिवेशनाआधी निघणार नव्हती, पण हाच पर्याय ठरला.

प्रत्यक्षात काय केले

एका लांब रजिस्टरमध्ये रकाने आखले. पहिल्या रकान्यात विधान, दुसऱ्यात ते कोणाचे, तिसऱ्यात मूळ दस्तऐवज, चौथ्यात ते नोंद आहे, निष्कर्ष आहे की मत आहे, आणि पाचव्यात ते विरुद्ध मताच्या माणसाला मान्य आहे का. या पाचव्या रकान्यासाठी सर आणि अभियंते या दोघांनाही वाचनालयाच्या सभागृहात समोरासमोर बसवले. पहिल्या बैठकीत आवाज चढले. ग्रंथपाल मुलगी शांतपणे म्हणाली, “सर, तुमचं वाक्य काढायचं नाही आहे. त्याच्या शेजारी दुसरं बसवायचं आहे.” त्यानंतर काम पुढे सरकू लागले.

आधारांबाबत तीन नियम ठरले. आकडा असेल तर मूळ अहवालच पाहायचा, त्याची बातमी पाहायची नाही. एखाद्या पक्षाची किंवा नेत्याची भूमिका सांगायची असेल तर ती त्याच्याच ठरावातून किंवा भाषणातून घ्यायची, विरोधकाने केलेल्या वर्णनातून नाही. घटना घडली की नाही एवढ्यापुरतेच वृत्तपत्र चालेल, पण नागपूरच्या आवृत्तीबरोबर मुंबई किंवा पुण्याची आवृत्तीही पाहायची. शेवटचा नियम कात्रणे समोर ठेवल्यावर सुचला. विदर्भाच्या एकाच आंदोलनाची बातमी इथे पहिल्या पानावर ठळक होती आणि तिकडे आतल्या पानावर एका कोपऱ्यात. दोन्हीकडे घटनेचे वर्णन बरोबर होते, फक्त घटनेचे वजन वेगळे होते.

नागपूर करारावर मोठी चर्चा झाली. मूळ प्रकरणात ‘या कराराचे कधीच पालन झाले नाही’ असे होते. रजिस्टरच्या चौथ्या रकान्यात हा ‘निष्कर्ष’ ठरला, कारण करारात अकरा कलमे आहेत आणि एका वाक्याने अकरांचा निकाल लावता येत नाही. उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरात आहे. विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात घेण्याचा परिपाठ आहे, मात्र करोनाच्या काळात २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली. निधी आणि नोकऱ्यांतील वाट्याची कलमे हा तर वादाचा गाभाच. म्हणून ते वाक्य काढून कलमवार तक्ता दिला. त्याच्या जोडीने राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) ची माहिती आली. त्याखाली प्रादेशिक समतोल राखण्यासाठी राज्यपालांवर सोपवलेली विशेष जबाबदारी, १९९४ मध्ये स्थापन झालेली विकास मंडळे आणि ३० एप्रिल २०२० रोजी संपलेली त्यांची मुदत, हे सगळे मूळ प्रकरणात दोन ओळींत उरकलेले होते. करार हा नेत्यांमधला समझोता आणि अनुच्छेद ही राज्यघटनेतली तरतूद, हा फरक परीक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा उल्लेख हा सर्वांत नाजूक भाग होता, आणि नागपुरात तो तसा असणारच. १९५५ मध्ये त्यांनी मराठी भाषकांचे एकच मोठे राज्य न करता चार राज्ये करावीत असे सुचवले होते आणि त्यांत विदर्भाचा पूर्व महाराष्ट्र होता. मूळ प्रकरणात हे होते. अभियंत्यांनी दाखवून दिले की पुढे त्यांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हा पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाला, आणि ते प्रकरणात नाही. तेव्हा आमच्या संपादन समितीतल्या एका सदस्याने तिसरीच गोष्ट लक्षात आणून दिली: दोन्ही बाजू त्यांचे नाव घेतात, पण त्यांची कारणे कोणीच सांगत नाही. मोठ्या एकभाषिक राज्यात संख्येने मोठी जात अल्पसंख्य जातींवर वरचढ होईल ही त्यांची चिंता होती आणि ती दोन्ही पक्षांच्या प्रचाराच्या सोयीची नव्हती. शेवटी प्रस्ताव, कारण आणि पक्षाचा नंतरचा निर्णय हे तिन्ही क्रमाने आणि वर्षासह लिहिले.

जनमताबाबतही दोन्ही बाजू तपासाव्या लागल्या. विदर्भातल्या काही शहरांत संघटनांनी मतपेट्या ठेवून घेतलेल्या अनौपचारिक जनमत चाचण्यांचा निकाल सरांनी ‘जनतेचा कौल’ म्हणून दिला होता. ज्याला आस्था आहे तोच अशा पेटीपर्यंत चालत येतो, त्यामुळे तो कौल सगळ्या जनतेचा म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला अभियंत्यांच्या टिपणात ‘विदर्भवादी उमेदवार कधीही निवडून आलेला नाही’ असे विधान होते. वेगळ्या विदर्भाच्या चळवळीतले नेते जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये नागपुरातून लोकसभेवर निवडून आले होते, त्यामुळे ते विधान तर टिकलेच नाही. पत्र लिहिताना दुसऱ्याचा कल दाखवणाऱ्या माणसाच्या टिपणात स्वतःचा कल उतरला होता, आणि तो रजिस्टरमुळेच दिसला. अभियंत्यांनी ते लगेच मान्य केले, हे इथे नोंदवले पाहिजे.

शेवटचा निर्णय लेखकाची ओळख देण्याचा होता. सर चळवळीत सक्रिय आहेत हे प्रकरणाखाली छापावे, असे काहींचे म्हणणे होते. सर दुखावले. “आयुष्यभर उघडपणे बोललो, आता आरोपीसारखी चिठ्ठी चिकटवता काय?” असे त्यांनी विचारले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते, कारण ज्यांच्या सूचनांवरून निम्मे प्रकरण बदलले त्या अभियंत्यांची भूमिका मात्र कुठेच येणार नव्हती. म्हणून एकट्या सरांबद्दलची टीप वगळली आणि प्रकरणाच्या शेवटी लेखक, सूचना देणारे आणि समितीचे सदस्य अशा सर्वांच्या या प्रश्नावरील भूमिका एकेका ओळीत दिल्या. माझीही त्यात आहे.

परिणाम

पुस्तिका अधिवेशन संपल्यावर निघाली. प्रकरण आधीपेक्षा लांबले आणि काही मुलांनी ते पाठ करायला कठीण जाते अशी तक्रार केली. ती रास्त आहे, कारण एका ओळीच्या जागी तक्ता आला की लक्षात ठेवायला जास्त कष्ट पडतात. पुस्तिकेला नेहमी जाहिरात देणाऱ्या एका व्यावसायिकाने त्या वर्षी दिली नाही आणि कारणही सांगितले नाही. फोन करणारे दोन्ही गृहस्थ असमाधानी राहिले.

सरांनी प्रकरणावर आपले नाव कायम ठेवले. अभियंत्यांचा एक आक्षेप मात्र आजही कायम आहे: सुरुवात १९३८ पासूनच का, त्याआधीपासून का नाही. समितीने सुरुवातीचे वर्ष बदलले नाही, पण ते का निवडले याचे कारण प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदात लिहिले. इतिहासाची सुरुवात कुठेतरी करावीच लागते आणि कोणत्याही वर्षाचा फायदा कोणाला तरी होतोच. निवड लपवली नाही एवढेच संपादकाच्या हातात असते.

एक बदल मला विशेष मोलाचा वाटतो. अभ्यासिकेतल्या चर्चेत एका मुलाने अनुशेषाचा आकडा सांगितला, तेव्हा समोरच्या मुलीने लगेच विचारले, “हा कोणत्या समितीचा? आणि बाकीच्या भागांचा किती?”

वेगळे काय करता आले असते

रजिस्टर वाद झाल्यावर तयार झाले. ते लिखाणाआधी झाले असते तर छपाई थांबली नसती आणि सरांना स्वतःचे प्रकरण इतरांसमोर ओळ-ओळ तपासून घेण्याचा त्रास झाला नसता. प्रकरण आधीपासून सगळ्यांच्या नजरेसमोर घडत गेले असते, तर तपासणी शिक्षेसारखी वाटली नसती.

समितीत सगळे नागपूरचे होते, ही त्याहून मोठी उणीव. अमरावती किंवा अकोल्याचा एक सदस्य असता तर वऱ्हाडाची शंका आम्हाला ऐकीव माहितीवरून लिहावी लागली नसती, आणि गडचिरोलीच्या एखाद्या शिक्षकाने कदाचित असा प्रश्न विचारला असता की जो आमच्या रजिस्टरच्या एकाही रकान्यात बसला नसता. अभ्यासिकेत गडचिरोलीची मुले रोज बसत होती, पण त्यांना मसुदा वाचायला देण्याचे ठरले नाही.

अध्यक्षांना आलेल्या फोनची नोंद ठेवली गेली नाही, याबद्दल समितीत मतभेद आहेत. माझ्या मते संदर्भग्रंथाच्या मजकुरासाठी कोणी दबाव आणला तर तो कोणत्या बाजूने आणि कोणत्या परिच्छेदासाठी आला, हे कार्यवृत्तात लिहिले गेले पाहिजे. इतरांना त्यामुळे वाचनालय अकारण अडचणीत येईल असे वाटते. पुढच्या कार्यकारिणीसमोर हा विषय ठेवला आहे.

पुढच्या आवृत्तीसाठी गोसीखुर्द धरणाचे प्रकरण हाती घेतले असून या वेळी रजिस्टर आधी उघडले आहे. पहिल्या ओळीत ३७२ कोटी रुपयांचा मूळ अंदाजित खर्च आहे. त्याच्या पुढे, आज सांगितल्या जाणाऱ्या खर्चाशी त्याची तुलना करताना कोणत्या वर्षाच्या किमती धरायच्या, हा प्रश्न लाल शाईने लिहिला आहे. ती ओळ तपासायचे काम या वेळी सर आणि अभियंते या दोघांकडे मिळून दिले आहे.